हुमणीचा प्रकाश सापळा, कॅमेरा आणि झडप

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात. वडिलांचा ऊस आहे, हुमणीनं, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणाऱ्या अळीनं, दोन वर्षं बेजार केलंय. गेल्या वळवाला त्यांनी प्रकाश सापळा लावला. सकाळी पाहिलं तर पाण्यात हुमणीचे भुंगेरे, म्हणजे तिचे पंख फुटलेले प्रौढ कीटक, होते, पण त्याहून जास्त भरताड होती: पतंग, ढालकिडे, शेणकिडे आणि मूठभर आग्या माश्या. ते पाहून तुम्ही कॅमेरा, छोटा संगणक आणि सर्व्हो मोटरवर चालणारी झडप असा सापळा बनवायला घेतला. फोटोवरून कीटक ओळखणाऱ्या तुमच्या संगणकीय मॉडेलची अचूकता ९५ टक्के आली आहे. प्रश्न असा, की एवढ्यावर सापळा फक्त हुमणीच धरेल का?

फक्त हुमणी धरणार नाही. तरीही सापळा पुष्कळ सुधारेल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या आहेत ते सांगतो, कारण कीड सर्वेक्षणात इतकी वर्षं घालवूनही मला हे उशिरा समजलं.

प्रकाश सापळा म्हणजे सुक्याबरोबर ओलं जाळणारं यंत्र, हे तुमच्या वडिलांनी पाहिलंच आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात घरोघरी लावलेल्या विजेच्या कीटकमार दिव्यांत काय मरतं, हे दोन संशोधकांनी एकेक कीटक मोजून पाहिलं आणि १९९६ साली छापलं. एकूण १३,७८९ कीटक. ज्यांच्यासाठी लोकांनी दिवे विकत घेतले ते डास आणि चावऱ्या माश्या त्यांत किती? ३१. आणि इतर किड्यांना खाणारे किंवा त्यांच्यावर जगणारे मित्रकीटक होते १,८६८. म्हणजे डास कमी करायला लावलेला दिवा त्यांच्या शत्रूंनाच खात होता. हा आकडा मी प्रशिक्षणात सांगतो तेव्हा लोक हसतात. मग घरी जाऊन आपल्या सापळ्याचं भांडं पालथं करतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करतात.

आता तुमचे ९५ टक्के. समजा एका संध्याकाळी सापळ्याकडे १००० कीटक आले आणि त्यांतले २० हुमणीचे भुंगेरे. हे आकडे हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या शेतात वेगळे असतील. तुमचं मॉडेल २० पैकी १९ भुंगेरे ओळखतं. उरलेल्या ९८० मधल्या ५ टक्क्यांना ते चुकून हुमणी म्हणतं, म्हणजे ४९ जणांना. भांड्यात पडले ६८, त्यांतले ४९ निरपराध. शंभरात बहात्तर चुकीचे! ९५ टक्के अचूकतेच्या यंत्राचं भांडं हे असं दिसतं. हा मॉडेलचा दोष नाही. शोधायची गोष्ट गर्दीत विरळ असली की असंच होतं.

पण तोच हिशेब दुसऱ्या बाजूनं मांडा. झडप नसती तर ९८० इतर कीटक मेले असते, आता ४९ मेले. कीटक वाचवणारा म्हणून तुमचा सापळा उत्तम आहे, कीटक मोजणारा म्हणून भिकार. त्यामुळे मॉडेलची अचूकता किती, हे विचारण्याआधी सापळा कशासाठी आहे हे ठरवावं लागतं. मारण्यासाठी, मोजण्यासाठी की दोन्हींसाठी? यावरच पुढचं सगळं ठरतं.

मोजायचं असेल तर मॉडेलचा उंबरठा चढा ठेवा. पक्की खात्री असेल तेव्हाच त्यानं 'हुमणी' म्हणावं, थोडी शंका असली तरी सोडून द्यावं. असं केल्यानं निम्मे भुंगेरे निसटले तरी चालतात, कारण तुम्हाला कालच्यापेक्षा आज जास्त की कमी एवढंच हवंय आणि निसटण्याचं प्रमाण रोज साधारण सारखं असलं की ती तुलना टिकते. वरच्या उदाहरणात चुकीचे दोनच यावेत असं म्हटलं तर ९८० पैकी ९७८ जणांना बरोबर ओळखून सोडावं लागेल, म्हणजे ९९.८ टक्के. तेवढं गाठायला मॉडेल मोठं करण्यापेक्षा सापळ्याकडे येणारी गर्दी कमी करणं कितीतरी सोपं असतं. तुमच्या आराखड्यात नेमकी हीच पायरी गळली आहे.

सापळ्यातली निवड कॅमेऱ्यापासून सुरू होत नाही. ती दिव्याच्या बटणापासून सुरू होते.

माळरानावरची आपली हुमणी, होलोट्रायकिया सेराटा, वर्षाला एकच पिढी काढते. वळवाचा चांगला पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी अंधार पडता पडता जमिनीतून निघतात, कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जाऊन पाला खातात, तिथेच मिलन होतं आणि पहाटेआधी ते पुन्हा मातीत शिरतात. जमिनीतून झाडाकडे जाण्याची त्यांची घाई असते ती अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या दोनेक तासांत. मग दिवा रात्रभर का जळतो? कारण सापळा विकणारा 'सूर्यास्ताला आपोआप सुरू, सूर्योदयाला आपोआप बंद' अशी जाहिरात करतो आणि ते सोयीचं वाटतं. रात्री दहानंतर त्या दिव्यावर येणारा बहुतेक माल तुमच्या कामाचा नसतो. साधा टाइमर लावून दिवा सात ते नऊ एवढाच चालवा. त्यानं जेवढी निवड साधते तेवढी माझ्या पाहण्यात कुठल्याही मॉडेलनं पहिल्या वर्षी साधलेली नाही.

आग्या माश्यांचं कारणही इथेच आहे. पुष्कळांना वाटतं मधमाशी रात्री उडत नाही. सातेरी मधमाशीच्या बाबतीत ते धरून चाला, पण आग्या माशी चांदण्या रात्री चरायला बाहेर पडते आणि दिव्यांकडेही ओढली जाते. जवळ वडाला किंवा पाण्याच्या टाकीला आग्यामोहोळ असेल आणि सापळा त्याच्या नजरेच्या टप्प्यात असेल, तर कॅमेरा काय करील? सापळा हलवा. पौर्णिमेच्या आसपासच्या चार रात्री दिवा बंद ठेवा, त्या दिवसांत उजेडामुळे सापळ्याला कीटक तसेही कमीच येतात.

दिव्याचा रंग हा पुढचा मुद्दा. जंबुपार किरण जास्त असलेला दिवा सगळ्यांनाच बोलावतो. खालच्या भांड्याचा तळ बंद न ठेवता जाळीचा केला तर ढालकिडे, क्रायसोपा, परोपजीवी गांधिलमाश्या असे छोटे मित्रकीटक आपापले निघून जातात. हुमणीचा भुंगेरा दोनेक सेंटिमीटरचा जाडजूड गडी, तो अडकून राहतो. दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रानं मित्रकीटकांना निसटू देणारा प्रकाश सापळा याच विचारानं बनवला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, भोकं आहेत. मात्र जाळीखाली रॉकेल मिसळलेलं पाणी ठेवलं तर निसटणारे सगळे त्यातच पडतात. तुमच्या वडिलांच्या सापळ्याच्या फोटोत मला तसंच दिसतंय. जाळी कोरड्या भांड्याला हवी.

हे सगळं केल्यावर मॉडेलपुढे काय उरतं? दोन सेंटिमीटरच्या आसपासचे, वळवानंतर, संध्याकाळी उजेडाकडे येणारे कीटक. हजारातून वीस ओळखायचे होते, आता कदाचित शंभरातून वीस ओळखायचे. तेच ९५ टक्क्यांचं मॉडेल आता ८० पैकी चारच जणांना चुकून अडकवेल. मॉडेलला हातही न लावता भांडं चौपट-पाचपट स्वच्छ झालं.

आता मॉडेलचं खरं भांडण कोणाशी आहे ते सांगतो: शेणकिड्यांशी. तेही पहिल्या पावसाला निघतात, संध्याकाळीच येतात, आकारानंही जवळपास असतात, आणि जमिनीत शेण पुरणारे हे शेतकऱ्याचे फुकटचे गडी आहेत. हुमणीचा भुंगेरा तांबूस-तपकिरी आणि लांबोळका असतो. शेणकिडा बहुधा काळा, रुंद, डोकं फावड्यासारखं चपटं आणि पुढचे पाय उकरण्यासाठी दातेरी. दिवसा हातात घेतले तर शाळकरी पोरगाही वेगळे सांगेल. सापळ्यात मात्र भुंगेरा जमिनीतून नुकताच निघालेला असतो, अंगभर चिखल, वरून पावसानं ओला, आणि तुमच्या एलईडीचा चकाका नेमका पाठीवर. अशा फोटोत तपकिरी आणि काळा यांतला फरकच जातो. आम्हीही असे कॅमेऱ्याचे सापळे करून पाहिले, तेव्हा पहिल्या हंगामात मॉडेल जवळजवळ प्रत्येक ओल्या कीटकाला हुमणी म्हणत होतं. आम्ही दोन आठवडे मॉडेलमध्ये डोकं घातलं. शेवटी आमच्यातल्या एकानं कॅमेऱ्याच्या दिव्यापुढे उडवायच्या पतंगाचा पातळ कागद चिकटवला, उजेड पसरला, चकाका गेला आणि अर्ध्याहून जास्त भांडण मिटलं.

तुमची चित्रं कुठून आणलीत तेही पाहा. इंटरनेटवरचे हुमणीचे फोटो टाचणी टोचलेले, स्वच्छ, पाय पसरलेले नाहीतर पानावर बसलेले असतात. सापळ्यातला भुंगेरा उताणा पडून पाय झाडत असतो. पहिल्या प्रकारावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्यापुढे गोंधळणारच. प्रशिक्षणाची चित्रं त्याच सापळ्यातून, त्याच कॅमेऱ्यातून, त्याच उजेडात काढलेली हवीत.

आणि एक प्रश्न विचारतो, राग मानू नका: ते ९५ टक्के कसे मोजले? एकाच रात्रीची चित्रं पत्त्यांसारखी पिसून काही शिकायला आणि काही परीक्षेला दिली असतील तर तो आकडा फुगलेला आहे. एकच भुंगेरा पाच-सहा चित्रांत असतो, त्यामुळे मॉडेलनं परीक्षेचा पेपर आधीच पाहिलेला असतो. वाटणी रात्रींप्रमाणे करा. या रात्री शिकायच्या, त्या रात्री तपासायच्या. दोन सापळे असतील तर एका सापळ्याची चित्रं मॉडेलला शिकताना दाखवूच नका. आकडा खाली येईल, वाईट वाटेल, पण शेतात तोच भेटणार आहे.

'हुमणी' आणि 'हुमणी नाही' असे दोनच कप्पेही पुरत नाहीत. तिसरा कप्पा 'माहीत नाही' हा हवाच. सापळ्यात कधी बेडूक येतो, कधी पाल, कधी नुसतं पान. मुंबईच्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेनं कपाशीसाठी जे ॲप बनवलं, त्यात शेतकरी कामगंध सापळ्यातल्या (मादीच्या गंधानं नरांना ओढणाऱ्या सापळ्यातल्या) पतंगांचा फोटो काढतो आणि फोन बोंडअळीचे पतंग मोजून सल्ला देतो. त्या प्रणालीत पतंग मोजण्याआधी फोटो मुळात पतंगांचा आहे का, हे तपासलं जातं. प्रात्यक्षिकात ही पायरी बिनमहत्त्वाची वाटते, कारण तिथे सगळे फोटो पतंगांचेच असतात. खेड्यात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी चपलेचा फोटो पाठवतं.

बोंडअळीचा विषय निघालाच आहे तर एक फरक सांगून ठेवतो. कामगंध सापळ्यात निवडीचं मुख्य काम ल्युअर, म्हणजे आत लावलेलं गंधाचं आमिष, करतो. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध १९७३ साली उलगडला. दोन जवळजवळ सारख्या रेणूंचं साधारण निम्मं-निम्मं मिश्रण, आणि त्याला येतो तो बहुतांशी त्याच जातीचा नर. तिथे मॉडेलचं काम मोजणीचं आहे. एका सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग, सलग तीन रात्री, ही फवारणी ठरवण्याची पातळी कृषी विभागानं वर्षानुवर्षं सांगितली आहे. पण सकाळी जाऊन मोजणार कोण आणि तीन दिवस सलग मोजणार कोण? तिथे कॅमेरा खरा कामाचा. निवड बिघडलीच तर ती बहुधा हातानं बिघडते. अमेरिकन बोंडअळीचा ल्युअर लावलेल्या बोटांनीच गुलाबीचा लावला, किंवा तंबाखू मळलेल्या हातानं पाकीट फोडलं, की त्या सापळ्याचा भरवसा गेला. आंब्याच्या बागेतही तेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रक्षक सापळ्यात मिथाईल युजेनॉल या वासाच्या आमिषाला येतात ते फळमाशीचे नर. दोन-तीन जातींचे येतात, पण सगळे फळं नासवणारेच. तिथे झडप आणि मॉडेल लावणं म्हणजे पैसे उडवणं. कोणी तसा सापळा विकायला आला तर त्याला एवढंच विचारा, की जात ओळखल्यानं तुमच्या कामात काय बदलणार आहे.

चिकट सापळ्यांबद्दलही तुम्ही विचारलं होतं. पिवळ्या-निळ्या कागदावर बसलेला कीटक मेलाच. त्याला ओळखून सोडणार कसं? पीक फुलोऱ्यात असताना निळे सापळे मधमाश्यांना बोलावतात. तिथे कॅमेऱ्याचा उपयोग एवढाच, की मधमाश्या चिकटायला लागल्या की निरोप यावा आणि माणसानं जाऊन कागद काढावा.

आता पंखांच्या आवाजावरून ओळखण्याची कल्पना. तुमच्या मित्रानं सुचवलेली कल्पना फालतू नाही, त्यावर मोठं काम झालेलं आहे. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठात ईमन कीओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की प्रकाशाच्या झोतातून कीटक गेला की पंखांच्या फडफडीनं उजेड थरथरतो आणि त्यावरून जात ओळखता येते. त्यातला मला आवडलेला भाग वेगळा आहे. त्यांनी मॉडेलला आत्ता किती वाजलेत हेही सांगितलं. दोन जातींची फडफड सारखी असली तरी एक तिन्हीसांजेला उडते आणि दुसरी मध्यरात्री, त्यामुळे घड्याळही ओळखीत मदत करतं. तुमच्या मॉडेलला तारीख, वेळ आणि शेवटचा पाऊस कधी झाला हे आजच देता येईल, ते फुकट आहे.

मायक्रोसॉफ्टच्या प्रेमोनिशन प्रकल्पानं हीच कल्पना सापळ्यात बसवली. त्यांच्या डासांच्या सापळ्यात ६४ छोटे कप्पे होते. कीटक कप्प्यात शिरला की पंखांच्या हालचालीवरून तो हवा तो डास आहे का हे ठरायचं, असेल तर त्या कप्प्याचं दार बंद, नसेल तर आला तसा जाऊ द्यायचा. २०१६ मध्ये झिकाची धास्ती होती तेव्हा ह्यूस्टनमध्ये ते सापळे लावून पाहिले. प्रत्येक कप्प्याला वेळेची नोंद, म्हणजे कोणता डास कधी आला तेही कळायचं. निवडक सापळा म्हणजे काय याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पण तो डासांसाठी होता, एकेक करून हलके उडत येणाऱ्यांसाठी. भुंगेरे उडत येऊन पत्र्यावर आपटतात आणि धपकन खाली पडतात, तेही चार-चार एकदम. त्यातून फडफडीचा वेग तापमानानं बदलतो. उकाड्यात जास्त, गारव्यात कमी. वळीव पडला की तासाभरात हवा किती उतरते ते तुम्हाला माहीत आहे. हुमणीसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. उलट त्या धपकन पडण्याचाच उपयोग करा. पत्र्याच्या मागे पिझोची चकती (ठोका बसला की विजेचा संकेत देणारी) चिकटवली की जड कीटक आपटल्याचा ठोका मिळतो आणि तेव्हाच कॅमेरा जागा होतो. पतंग, चिलटं यांच्यासाठी तो झोपलेलाच राहतो. बॅटरी वाचते आणि चाळणीची एक पायरी आपोआप होते.

झडपेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण प्रकल्प इथेच अडतात. तुमच्या आराखड्यात नरसाळ्यातून पडणाऱ्या कीटकाचा पडता पडता फोटो, ओळख आणि झडप असं आहे. ३० सेंटिमीटर पडायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात फोटो काढून, ओळखून, मोटर फिरवायची आहे. प्रयोगशाळेत जमेल. शेतात बॅटरी उतरलेली असताना, मोटरच्या दातात चिकटा आणि माती असताना, जमणार नाही. वेगाच्या मागे लागू नका, कीटकाला थांबवा. नरसाळ्याखाली सुपासारखी एक पांढरी थाळी ठेवा. कीटक तिच्यावर पडतो, दोन-तीन सेकंद चाचपडतो, कॅमेरा तीन-चार फोटो काढतो, बहुमतानं निर्णय होतो आणि थाळी एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला कलते. एका बाजूला भांडं, दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. पाखडताना आई जे करते तेच. थाळीवर एकदम चार पडले आणि त्यांत एक जरी शंकास्पद असला तरी सगळ्यांना सोडा.

वीज गेली, प्रोग्राम अडकला, कार्ड भरलं, तर थाळी आपोआप सोडण्याच्या बाजूला पडली पाहिजे. साधी स्प्रिंग किंवा वजन लावा. आमच्या एका सापळ्यात हे उलटं होतं. प्रोग्राम रात्री अडकला, थाळी भांड्याच्या बाजूला कललेली राहिली आणि सकाळी जे पाहिलं ते तुमच्या वडिलांच्या सापळ्याहून वाईट होतं.

इतकंही करायचं नसेल तर त्याहून जुनी युक्ती आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स या कीटकशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात प्रकाश सापळ्याला घड्याळ जोडून रात्रीचे आठ भाग आठ बाटल्यांत वेगळे पकडले होते. तुम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार कोरडे कप्पे करा. कोणालाही लगेच मारू नका. प्रत्येक कप्प्याचा शेवटी एकच फोटो. ज्यात हुमणीच जास्त तो ठेवा, बाकीचे उघडा. एकेका कीटकाचा निर्णय घेण्यापेक्षा कप्प्याचा निर्णय घेणं मॉडेलला सोपं जातं, आणि निर्णय लांबणीवर टाकल्यामुळे शंका असेल तर फोटो तुमच्या फोनवर येऊन तुम्हीही ठरवू शकता. यात दोन धोके आहेत. कप्प्यात मुंग्या शिरतात, म्हणून खांबाला ग्रीस लावा. आणि सोडायचे असतील तर रात्रीच सोडा. सकाळी ऊन चढलं की प्लास्टिकच्या डब्यात सगळे उकडून मरतात, आणि आधी सोडले तरी दिवसाउजेडी साळुंक्या टपलेल्याच असतात.

आणि मुख्य सांगायचं ते हे, की तुमच्या सापळ्यानं मुळात मारावंच का? आशियाई गांधिलमाशीचं उदाहरण घ्या. २००४ च्या सुमारास ती फ्रान्समध्ये पोचली, मधमाश्यांच्या पेट्यांवर तुटून पडली, आणि लोकांनी गोड पाण्याचे सापळे लावले. त्यांत इतर कीटकही भरपूर मेले. एक्सेटर विद्यापीठाच्या गटानं २०२४ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात सापळाच नाही. आमिषाची थाळी, वर कॅमेरा आणि जोडीला छोटा संगणक. ती गांधिलमाशी आली की फोटोसह निरोप जातो आणि माणसं तिचं पोळं शोधून काढतात. जर्सी बेटावर त्यांनी ते वापरून पाहिलं. कीटक आपला खाऊन निघून जातो, त्यामुळे इतर कोणी मरण्याचा प्रश्नच उरत नाही.

हुमणीला हा विचार फार चपखल बसतो, कारण हुमणी मारण्याचं सगळ्यात निवडक साधन आपल्याकडे आधीपासून आहे: आकडी, बॅटरी आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्याची बादली. रात्री आठ-नऊला कडुलिंबाच्या, बाभळीच्या फांद्या आकडीनं हलवायच्या, पडलेले भुंगेरे वेचून बादलीत टाकायचे. त्यात ना मधमाशी मरते ना शेणकिडा. अडचण दुसरीच असते. कोणत्या संध्याकाळी जायचं हे गावाला कळत नाही. एक जण जातो, भुंगेरे अजून निघालेले नसतात, हात हलवत परत येतो. मग निघतात त्या रात्री कोणीच जात नाही. आणि एकट्यानं वेचून उपयोग नाही, शेजाऱ्याच्या बांधावरच्या बाभळीवरून मादी तुमच्या उसात येऊन अंडी घालतेच.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर शेतात दहा मारणारे सापळे लावण्याऐवजी गावात दोन-तीन मोजणारे लावले असते. नदीकाठच्या उसात आढळणारी ल्युकोफोलिस ही हुमणी माळावरच्या होलोट्रायकियाहून वेगळी, तेव्हा एक सापळा मळईला आणि एक माळाला. दिवा सात ते नऊ, थाळीवर फोटो, मोजणी, आणि सगळ्यांना सुटका. भुंगेऱ्यांचा आकडा एकदम चढला की गावाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप: आज निघाले, बादल्या घ्या. क्रॉपसॅप या राज्याच्या पीक-कीड सर्वेक्षण प्रकल्पात आम्ही वर्षानुवर्षं कागदावर मोजत आलो, पण तो आकडा शेतकऱ्यापर्यंत पोचेपर्यंत भुंगेरे जमिनीत गेलेले असायचे. तुमचा सापळा त्याच रात्री बोलू शकतो, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत तिथे आहे. सोडलेल्या मूठभर भुंगेऱ्यांची काळजी करू नका, त्याच रात्री बांधावरच्या एका बाभळीवर त्याहून जास्त सापडतील.

वडील म्हणतील, धरलेला भुंगेरा सोडायचा म्हणजे काय वेडेपणा! त्यांचंही चुकत नाही. त्यांच्या समाधानासाठी थाळी दोन्हीकडे कलणारी ठेवा. फक्त पहिल्या हंगामात ती भांड्याच्या बाजूला कलवू नका. त्या हंगामात रोज सकाळी मॉडेलनं कोणाला काय म्हटलं ते फोटो घेऊन बसा, वडिलांना शेजारी बसवा आणि दोघांनी वेगवेगळं लिहा. जिथे तुम्हा दोघांचं जुळत नाही ते फोटो जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागात दाखवा, त्यांना अशी चित्रं आवडतात. शेणकिड्यांचे फोटो हुमणीइतकेच जमवा, लोक इथेच आळस करतात.

कामाला वेळ थोडा आहे. पतंगाचा कागद, टाइमर आणि पिझो चकती एप्रिलअखेर लावून ठेवा, सापळा दोन रात्री कोरड्यात चालवून पाहा, म्हणजे पाऊस नसताना काय येतं तेही नोंदलं जाईल. वळीव झाला की त्या संध्याकाळी सापळ्यापाशी स्वतः उभे राहा, हातात बॅटरी घेऊन, नुसतं पाहायला. भुंगेरा दिव्याला थेट येतो की आधी शेजारच्या कडुलिंबाला घिरट्या घालतो, ते बघून सापळ्याची जागा ठरवा. पहिल्या तीन रात्रींचे फोटो पाठवा, कोणाच्या पाठीवर चकाका येतोय ते मी बघून सांगतो.